केतुराबाईंचे सहा शब्बाथ

खारदांड्याच्या सिनेगॉगचे हज्जान हन्नोख एलियाहू दांडेकर यांनी आपल्या सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात धर्मशास्त्राचा निवाडा एकदाच दिला. तो त्यांनी आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीविरुद्ध दिला, आणि त्या निवाड्याची आठवण निघाली की आजही त्यांची मान खाली जाते.

हज्जान म्हणजे प्रार्थना चालवणारा. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार रब्बीचा, आणि हन्नोखभाऊ रब्बी नव्हते. आठवीनंतर शाळा सोडून त्यांनी चाळीस वर्षे धक्क्यावर लाँचची इंजिने दुरुस्त केली होती. गावातील बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबे एकामागून एक इस्राएलला निघून गेली, शेवटचे जाणते हज्जानही गेले, आणि मागे उरलेल्या अकरा पुरुषांपैकी ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याच्या खांद्यावर तालीथ, प्रार्थनेची शाल, पडली. प्रार्थना त्यांना पाठ होत्या. त्यांचा अर्थ मात्र अर्धामुर्धाच येत होता. हिब्रू अक्षरे त्यांना लहानपणी थोरल्या बहिणीने, केतुराताईने, अंगणातल्या वाळूत बोटाने काढून शिकवली होती. वाचताना एखादी ओळ गाळून पुढे जाण्याची त्यांना खोड होती. ताई तेव्हा कान पकडून म्हणे, "मागे जा."

सन २०४७ च्या श्रावणात या केतुराबाई चार वर्षांच्या मौनानंतर पुन्हा बोलू लागल्या, आणि येथूनच आपल्या कथेला प्रारंभ होतो.

केतुराबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचा सर्व देह एका सकाळी निश्चल झाला. बुद्धी शाबूत होती, कान शाबूत होते, कातडीला स्पर्श कळत होता, वेदना कळत होती. मऊ घास कसाबसा गिळता येई, बाकी हलत होती ती केवळ बुबुळे आणि पापण्या. एकदा मिटल्या म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही, पुनःपुन्हा मिटल्या म्हणजे काहीतरी हवे आहे. चार वर्षे बहीण-भावाचा सारा संवाद एवढ्यावर चालला होता.

मग वाचापट्टी आली. माणूस बोलतो तेव्हा शब्द काही प्रथम जिभेवर येत नाही. मेंदूच्या एका भागातून जीभ, ओठ, जबडा आणि कंठ यांना हुकूम सुटतात, आणि हे हुकूम म्हणजे अत्यंत सूक्ष्म अशी विजेची स्पंदने होत. केतुराबाईंचे हुकूम नित्य सुटत होते, परंतु मेंदू आणि देह यांच्यामधला पूल कोसळल्यामुळे ते पलीकडे पोहोचत नव्हते. कपाळाभोवती बसणारी ही रुपेरी पट्टी ती स्पंदने बाहेरूनच टिपत असे. सहा आठवडे केतुराबाईंनी मनातल्या मनात ठरावीक वाक्ये बोलून पाहिली, आणि पट्टीतल्या गणकाने कोणत्या स्पंदनाचा कोणता उच्चार होतो ते शिकून घेतले. मनात सहज तरळून गेलेला विचार ती पट्टी वाचत नसे. माणसाने बोलण्याचा यत्न केला तरच उशाशी ठेवलेली पेटी बोले. आवाजसुद्धा परका नव्हता. केतुराबाई पूर्वी कीर्तने म्हणत, त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तो घडवलेला होता.

पट्टी चढवली त्या दिवशी हन्नोखभाऊ हात जोडून उभे होते. दिवसरात्र देखभाल करणारी जयवंती म्हात्रे पदराने डोळे पुसत होती. पेटीत क्षणभर खरखर झाली आणि केतुराबाईंचा जुना, ठणठणीत, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा स्वर उमटला.

"हन्नोख, चार वर्षं ऐकतेय. सकाळच्या प्रार्थनेत तिसऱ्या ओळीला तू दर वेळी घसरतोस."

जयवंती रडता रडता हसू लागली. "घ्या हज्जानकाका! चार वरसांचा हिशेब आला बघा तुमचा!"

हन्नोखभाऊ बहिणीच्या पायांवर डोके ठेवून लहान मुलासारखे रडले.

* * *

तिसऱ्या दिवशी सिनेगॉगचे मुकादम, म्हणजे कारभारी, शालोम वाकरूळकर भेटायला आले. केतुराबाईंशी तासभर गप्पा मारून निघताना त्यांनी अंगणात हन्नोखभाऊंना गाठले.

"हन्नोखभाऊ, आनंद झाला बघा. पण शब्बाथचं काय?"

"शब्बाथचं काय म्हणजे?"

"म्हणजे ही पट्टी विजेवर चालते. शनिवारी चालते का शास्त्राला? लोक मला विचारतायत. तुम्ही हज्जान, तुम्ही सांगा."

प्रश्न वरवरचा नव्हता. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतच्या विसाव्याच्या, दिवशी आपल्या कोणत्याही घरी अग्नी पेटवू नये, अशी तोरा या धर्मग्रंथातील आज्ञा आहे. ती झाली तेव्हा अग्नी म्हणजे लाकूड आणि गारगोटी. पुढे शास्त्रकारांनी त्या दिवशी वर्ज्य अशी एकोणचाळीस कामे मोजून ठेवली. त्यानंतर कित्येक शतकांनी वीज आली, आणि पंडितांपुढे पेच पडला, की दिव्याच्या तारेत अग्नी आहे काय? कोणी म्हणाले, तापून लाल झालेली तार हा अग्नीच. कोणी म्हणाले, तुटलेला प्रवाह जोडणे म्हणजे भिंत बांधून पुरी करण्यासारखेच काम. मग शुक्रवारीच वेळ लावून ठेवलेले दिवे आले, बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबणारे पाळणे, म्हणजे लिफ्ट, आले, बहिऱ्यांची श्रवणयंत्रे आली. प्रत्येक पिढीने ती एकच प्राचीन आज्ञा आपल्या काळातल्या नव्या वस्तूसमोर धरून पाहिली होती आणि वाद घालून, रात्री जाळून, उत्तर काढले होते. आता वस्तू अशी आली होती की तिला बोटदेखील लावावे लागत नव्हते. नुसते बोलावेसे वाटले की विजेचे काम होत होते. मग मनातील इच्छा हे काम ठरते काय?

'मला ठाऊक नाही' एवढे म्हटले असते तरी पुरे होते. पण हन्नोखभाऊंना आयुष्यात प्रथमच कोणीतरी शास्त्रातला प्रश्न विचारला होता. ते गंभीर चेहरा करून म्हणाले, "मी जेरुसलेमला लिहून विचारतो."

त्यांनी खरोखरच लिहिले. धर्मपीठावरील एका वयोवृद्ध रब्बींना त्यांनी मोडक्यातोडक्या हिब्रूत बहिणीची अवस्था आणि पट्टीची रचना कळवली.

उत्तर आले ते एका शुक्रवारी दुपारी. झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी ते छापून आणले. दाट हिब्रूचे तीन कागद होते. फोनला दाखवले असते तर फोनने क्षणार्धात मराठीत वाचून दाखवले असते, गावातील प्रत्येकाच्या खिशात ती सोय होती. परंतु 'पवित्र भाषा यंत्राच्या तोंडी घालू नये' असे एक वाक्य हन्नोखभाऊंनी मागे प्रवचनात ठणकावून सांगितले होते, आणि ते लोकांना आवडले होते. म्हणून ते जुना शब्दकोश घेऊन बसले. घामाघूम होऊन त्यांनी पहिला कागद लावला. त्यात अग्नी होता, प्रवाह जोडणे होते, आवाज उत्पन्न करणाऱ्या वाद्यांची बंदी होती, आणि 'वर्ज्य' हा शब्द पाच वेळा आला होता.

एव्हाना सूर्य माडांच्या शेंड्यांवर टेकला होता. हन्नोखभाऊंनी उरलेले दोन कागद घडी करून कोटाच्या खिशात घातले.

त्या सायंकाळी ते तेवावर, म्हणजे प्रार्थनेच्या उंच चौथऱ्यावर, चढले आणि त्यांनी निवाडा सांगितला. शब्बाथला वाचापट्टी वर्ज्य आहे. शुक्रवारी दिवे लागण्याआधी ती काढावी, शनिवारी तारे दिसल्यावर चढवावी. "माझी स्वतःची बहीण आहे," ते म्हणाले, "तरी आज्ञा ती आज्ञा."

बाहेर पडताना मुकादमांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "रब्बीसाहेब, तुम्ही आज गावाची मान उंच केलीत."

रब्बीसाहेब! हन्नोखभाऊ त्या शब्दाने पार विरघळून गेले.

निवाडा सांगायला जाण्यापूर्वी पट्टी काढण्यासाठी ते बहिणीजवळ बसले होते, तेव्हा केतुराबाईंनी एवढेच विचारले होते, "नीट वाचलंस ना?"

"वाचलं, ताई."

"शास्त्र असेल तर मी गप्प राहीन. कागद दाखव मला."

"शब्बाथ झाल्यावर दाखवतो," असे म्हणून त्यांनी पट्टीची कळ सोडवली होती.

तो कागद त्यांनी शब्बाथनंतर दाखवला नाही.

* * *

उरलेले दोन कागद त्यांनी वाचले ते दुसऱ्या शब्बाथनंतरच्या मंगळवारी. शास्त्रातील उत्तरे कशी लिहितात हे जाणत्याला ठाऊक असते. विरुद्ध बाजूचे सारे म्हणणे आधी पूर्ण बळाने मांडायचे, आणि मगच त्याला उत्तर द्यायचे. पहिला कागद हा रब्बींचा निवाडा नव्हताच. तो केवळ पूर्वपक्ष होता.

दुसऱ्या कागदावर त्या वृद्ध गृहस्थांनी एक-एक गाठ सोडवली होती. पट्टी शुक्रवारीच चालू असते, म्हणजे शब्बाथला कोणी काही पेटवत नाही. मनाची इच्छा हे हाताचे काम नव्हे. वाद्यांवरची बंदी ही नंतरच्या शास्त्रकारांची, आणि माणसाची प्रतिष्ठा राखण्यासाठी तशी बंदी मागे सारता येते. शिवाय जिला आपली वेदना सांगता येत नाही ती स्त्री सदैव धोक्यातच आहे असे समजावे, आणि धोक्यापुढे शब्बाथचे नियम थांबतात. तिसऱ्या कागदावर अखेरचे शब्द होते: पट्टी ठेवावी, किंबहुना ती काढणेच चूक.

हन्नोखभाऊ ओसरीवर बसून होते. समोर पणजोबांच्या तेलघाण्याची लाकडी उखळ तुळशीच्या कुंड्यांमागे पडली होती. त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा कधी फिरला नाही.

आताच उठावे आणि मुकादमांकडे जावे, असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या खाडीवरच्या सिनेगॉगचे मुकादम बोलत होते. "रब्बीसाहेब, तुमचा निवाडा ऐकला. आमच्याकडं पण एक प्रश्न आहे, तुम्हीच सांगू शकाल."

हन्नोखभाऊंनी कागदांची पुन्हा घडी केली आणि तालीथच्या पेटीत सर्वांत तळाशी ठेवली.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी बहिणीची पट्टी काढली तेव्हा त्यांची बोटे थरथरली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कमी थरथरली. पाचव्या शब्बाथपर्यंत थरथर राहिलीच नाही. लाज ही गोष्ट माणसाला इतक्या लवकर सवयीची होते, हे त्यांना त्यापूर्वी ठाऊक नव्हते.

* * *

सहाव्या शुक्रवारी मुकादमांच्या घरून हलवा आला. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध आटवून केलेला तो हलवा केतुराबाईंना फार प्रिय. हन्नोखभाऊंनी स्वतःच्या हाताने बहिणीला दोन चमचे मऊ हलवा भरवला. थोडा गालावरून ओघळला. तो त्यांनी पुसला. थोडा मानेखालून उशीच्या कडेला आणि तेथून पाठीखाली गेला. तो त्यांना दिसला नाही. मग त्यांनी पट्टी काढली.

शनिवारी सकाळी जयवंतीने केतुराबाईंचे तोंड धुतले, कपडे सारखे केले, आणि ती पुतणीच्या हळदीला निघाली. "काका, सांजेला येते. कुशीवर तुमीच वळवा दुपारी. आनी डोल्यांकडं ध्यान ठेवा, काय?"

"मी आहे ना, जा तू."

सिनेगॉग आणि हन्नोखभाऊंचे घर एकाच आवारात होते. प्रार्थना संपवून ते घरी आले, बहिणीच्या खाटेशेजारी खुर्ची घेतली आणि स्तोत्रे म्हणू लागले. मध्येच मान वर करून त्यांनी पाहिले. केतुराबाईंचा चेहरा अगदी निर्विकार होता. पापण्या मात्र मिटत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे उतरत होते.

हन्नोखभाऊंचे हृदय भरून आले. "ताई, आमेन म्हणतेयस ना प्रत्येक ओळीला? बघ, पट्टी नसली की मन कसं देवाकडं लागतं. किती शांत दिसतेस तू!"

पापण्या अधिकच वेगाने मिटू लागल्या. त्यांनी हातरुमालाने तिचे डोळे टिपले आणि तन्मय होऊन पुढचे स्तोत्र घेतले. कुशीवर वळवायचे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. नंतर खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

सायंकाळी आकाशात तीन तारे दिसले. जयवंती परतली होती. हन्नोखभाऊंनी पिळाची मेणबत्ती लावली, मनुकांच्या सरबताचा पेला उचलला, सब्जाची पाने चुरगळून बहिणीच्या नाकाशी धरली आणि शब्बाथला निरोप देण्याचा विधी पुरा केला. मग पट्टी चढवली. दर वेळी पेटीतून पहिले शब्द येत ते नव्या आठवड्याच्या शुभेच्छांचे.

"मुंग्या," पेटी म्हणाली.

"काय, ताई?"

"उजवी बाजू. पाठीखाली. मुंग्या. सकाळपासून."

जयवंतीने झेप घेऊन त्यांना कुशीवर वळवले आणि ती किंचाळली. खांद्यापासून कमरेपर्यंत हलव्याच्या चिकट पट्ट्यावर तांबड्या मुंग्यांची रांग वळवळत होती. कातडी लालभडक होऊन ठिकठिकाणी फोडांनी भरली होती.

"काका! अवो काका, तुमी होतव कुठं दिसभर?"

हन्नोखभाऊ येथेच होते. दोन हातांच्या अंतरावर.

जयवंतीने अंग धुतले, मलम लावले, चादर बदलली. मग पेटीतून आवाज आला, आणि तो चढलेला नव्हता, हेच अधिक भयंकर होते.

"तू म्हणालास, आमेन म्हणतेयस ना. मी तुला हाका मारत होते, हन्नोख."

"ताई..."

"पणजोबांच्या बैलाचं बाबा सांगायचे ते आठवतं? घाण्याला जुंपताना बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधायचे, भोवळ येऊ नये म्हणून. शुक्रवारी दिवस कलला की पणजोबा आधी झापड काढायचे, जू नंतर. म्हणायचे, उद्या यालाही विसावा दे अशी आज्ञा आहे, उद्या यानंही जग बघावं. बैलाची झापड शब्बाथला सुटत होती. माझी शब्बाथला चढते. सहा शब्बाथ पडल्यापडल्या विचार करतेय, की असं कसं शास्त्र? कागद आण."

हन्नोखभाऊ उठले. तालीथची पेटी उघडून त्यांनी तिन्ही कागद आणले आणि एकेक करून बहिणीच्या डोळ्यांसमोर धरले. केतुराबाईंना हिब्रू भावापेक्षा कितीतरी चांगले येत होते.

"पुढचा," पेटी म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा, "पुढचा."

तिसरा कागद जयवंतीने येऊन आपल्या हातात घेतला आणि धरला.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" केतुराबाईंनी विचारले.

"दुसऱ्या शब्बाथनंतर."

"म्हणजे चार."

"हो. चार शब्बाथ. जाणूनबुजून."

पेटीवरचा हिरवा दिवा तेवत राहिला.

* * *

रविवार गेला, सोमवार गेला. पट्टी कपाळावर होती, तरी केतुराबाई बोलत नव्हत्या. हन्नोखभाऊंना वाटले, यंत्र बिघडले. बुधवारी त्यांनी भीतभीत जयवंतीला विचारले.

"बिघडलं नाय काय," जयवंती कांदा चिरत म्हणाली. "माझ्यासंगती बोलतान ना. काल भाजीत मीठ जास्त झालं तवा मला दोन वाक्यं सुनवली. तुमच्यासंगती नाय बोलत."

हन्नोखभाऊ स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले. त्यांनी तिला सहा शब्बाथ गप्प ठेवले होते; आता ती स्वतःहून गप्प होती, आणि दोन्हींमधले अंतर त्यांना जाळत होते.

शुक्रवारी सकाळी जयवंतीने निरोप आणला. "बाय म्हनल्या, उद्या मला खुर्चीत घालून सिनेगॉगात न्यायचं, पट्टी घालून. आनी काकांनी ते तीन कागद तेवावर चढून वाचायचे. आधी हिब्रूत, मंग मराठीत. पुरे."

हन्नोखभाऊ मुकादमांकडे गेले आणि त्यांनी सर्व सांगून टाकले. वाकरूळकर दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. उद्या पट्टी चालू करा, कोण नाही म्हणतंय? लोकांना सांगा, काल नवीन उत्तर आलं. तारीख कोण बघतंय? तुम्ही गेलात तर दुसरा हज्जान कुठून आणू मी? पलीकडच्या गावातसुद्धा तुमचं नाव झालंय. गावाच्या अब्रूचा तरी विचार करा."

"ताईला खरं ठाऊक आहे."

"केतुराबाई शहाण्या आहेत. त्या गावाचं नाक कापणार नाहीत."

हन्नोखभाऊ घरी परतले ते काहीही न ठरवता. दिवे लागण्याची वेळ झाली, तेव्हा सवयीने त्यांचा हात बहिणीच्या कपाळाकडे गेला. केतुराबाईंनी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी हात मागे घेतला. सहा आठवड्यांत प्रथमच हिरवा दिवा शब्बाथच्या दिव्यांबरोबर जळत राहिला, आणि तरी त्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

* * *

शनिवारी दहा पुरुष जमले आणि अकरावे हन्नोखभाऊ. बायकांच्या बाजूला खुर्चीत केतुराबाई होत्या, मांडीवर पेटी. लोकांच्या नजरा पट्टीवर खिळल्या. कुजबुज सुरू झाली.

सिनेगॉगात एक जुनी रीत आहे. तोरा वाचताना वाचणारा चुकला तर ज्याच्या ध्यानात येईल त्याने, मग तो कोणीही असो, मोठ्याने सांगावे, आणि वाचणाऱ्याने मागे जाऊन पुन्हा वाचावे. यात कोणी अपमान मानत नाही.

हन्नोखभाऊ तेवावर चढले. "जेरुसलेमचं उत्तर आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला त्यातला पहिलाच कागद सांगितला होता." मग त्यांनी हिब्रूत वाचायला घेतले. पहिला कागद. दुसरा. अडखळत, शब्दांना ठेचकाळत. तिसऱ्या कागदाच्या अखेरीस निवाडा आला. त्याखाली एक ओळ होती, आणि त्या ओळीखाली निरोपाचे शब्द. हन्नोखभाऊंची नजर त्या मधल्या ओळीवर पडली आणि तेथून निसटली. ते सरळ निरोपाकडे वळले.

"थांब, हन्नोख."

कीर्तनाचा तो खणखणीत आवाज छतापर्यंत गेला. सबंध आठवड्यात ताईने त्यांना मारलेली ही पहिली हाक होती.

"ओळ गाळलीस. मागे जा."

हन्नोखभाऊंनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला. ते मागे गेले. ओळ हिब्रूत वाचली, आणि मग कोणी न सांगता तिचा मराठीत अर्थ सांगितला.

"हे उत्तर ज्या दिवशी हाती पडेल त्याच दिवशी त्या बाईंना कळवावे. त्यांचा एकही शब्बाथ मुका जाऊ नये."

मुकादम वाकरूळकर खाकरले. त्यांचा आवाज मऊ होता, वाट करून देणारा होता. "कालच आलं ना हे उत्तर, रब्बीसाहेब?"

आयुष्यात हन्नोखभाऊंनी अनेक इंजिने उघडली होती. बिघाड कुठे आहे हे ठाऊक असूनही झाकण लावून टाकावे, असा मोह त्यांना तेव्हा कधी झाला नव्हता.

"मी रब्बी नाही," ते म्हणाले. "उत्तर सहा आठवड्यांपूर्वी आलं. पहिला कागद मी वाचला आणि उरलेले वाचायच्या आधीच तुम्हाला निवाडा सांगितला. उरलेले वाचले, तेव्हा गप्प बसलो, कारण तुम्ही मला मोठं म्हणत होतात. चार शब्बाथ मी माझ्या बहिणीचा आवाज जाणूनबुजून काढून घेतला. मागच्या शनिवारी तिला मुंग्या खात होत्या आणि मी शेजारी बसून स्तोत्रं म्हणत होतो."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मुकादम जमिनीकडे पाहत होते. हन्नोखभाऊंनी तालीथ खांद्यावरून उतरवायला सुरुवात केली.

"पुढे वाच," पेटी म्हणाली. "अजून संपलं नाही."

त्यांनी भिजलेल्या डोळ्यांनी शेवटचे शब्द शोधले. "आणि केतुराबाईंना माझा शालोम, माझा नमस्कार, सांगावा. त्यांचा आवाज ऐकण्याचे भाग्य मला नाही, तुम्हाला आहे."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. केतुराबाईंचा चेहरा नेहमीसारखाच निश्चल होता. त्यावर क्षमा आहे की नाही हे वाचता येत नव्हते, आणि हन्नोखभाऊंना आता चेहरे वाचण्याचे धाडसही उरले नव्हते.

"सहा आठवडे उशिरा पोहोचला," त्या म्हणाल्या. "पण पोहोचला. तालीथ नीट घे. प्रार्थना सुरू कर. आणि तिसऱ्या ओळीला घसरू नकोस."

हन्नोखभाऊंनी तालीथ सावरली आणि प्रार्थना सुरू केली. तिसऱ्या ओळीला ते घसरले. त्यांनी मान वर केली नाही. ते मागे गेले आणि ती ओळ पुन्हा वाचू लागले.